अक्कांचं ताट

"आई, या खेपेला पिशवी नको. ट्रंक घेऊनच ये," विश्वासदादा म्हणाला आणि मी हातातल्या सुपासकट दाराबाहेरच थांबले.

सुपात ज्वारी होती. त्या वर्षी मी आमच्या छात्रालयाची भोजनमंत्री होते आणि नव्या ज्वारीत खडे फार निघतायत हे अक्कांना दाखवायला आले होते. चोरून ऐकायची मला सवय नव्हती. पण पायच हलेनात, त्याला मी काय करू?

अक्का म्हणजे आमच्या मुलींच्या छात्रालयाच्या गृहमाता, कृष्णाबाई शिरगुप्पे. नवरा ऐन तरुणपणी गेला, तेव्हा त्यांनी ही नोकरी धरली. मुलींच्या छात्रालयात मुलगा कसा ठेवणार? म्हणून विश्वासदादाला सांगलीला मामाकडं ठेवलं. दिवाळी आणि मे महिना तेवढा आईचा, बाकी वर्ष मामाचं. तो तिथंच शिकला, तिथंच नोकरीला लागला, लग्न झालं, आणि आता त्याच्या घरात तान्ही मुलगी होती. अक्कांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं.

"सुनबाई काय म्हणते?" अक्कांनी विचारलं.

"तीच म्हणते, आईंना घेऊन या. पोरीला आजी पाहिजे. आणि मला आई पाहिजे होती तेव्हा तू इथं होतीस. मी कधी बोललो? आज बोलतोय."

मग अक्का म्हणाल्या, "रविवारी येते."

"ट्रंक घेऊन?"

"बघते."

'बघते' हा अक्कांचा शब्दच नव्हता. अक्का एक तर 'हो' म्हणायच्या, नाहीतर 'नाही'. मधलं काही त्यांच्या दुकानात मिळत नसे. मी तशीच मागे फिरले आणि ज्वारीतले खडे एकटीच वेचत बसले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अक्का आल्या तेव्हा म्हणे छात्रालयाच्या फाटकाला हे भलंमोठं कुलूप असे, आणि पोरी मागच्या भिंतीवरून उड्या मारत. एकीचा पाय मोडला. अक्कांनी फाटकाचं कुलूप काढलं आणि धान्याच्या कोठीला लावलं. म्हणाल्या, "उंदरांना सांगून कळत नाही. पोरींना कळतं." तेव्हापासून आठवीच्या पुढच्या मुलींना रविवार मोकळा. सकाळचं जेवण झालं की कुठंही जा. परवानगी नको, कारण नको. एकच करायचं. जाताना एका मैत्रिणीला सांगायचं, "माझं ताट झाक." ती हो म्हणाली की झालं. संध्याकाळच्या पंगतीत ती तुमचं ताट वाढून घेणार, दुसऱ्या ताटानं झाकणार आणि तुम्ही येईपर्यंत त्याच्याजवळ न जेवता बसणार. उशिरा आलात तर शिक्षा नाही, कुणी बोलणार नाही. ती उपाशी बसलेली दिसेल, एवढंच.

ऐकायला हे सोपं वाटतं. आमच्या हसीना मुल्लाणीला विचारा. ती एकदा जत्रेत रमली आणि पार जेवणं आटोपल्यावर आली. तिचं ताट मी झाकलं होतं. मी एक शब्द बोलले नाही, पण माझ्या पोटातले कावळे त्या शांततेत तिला ऐकू आले असणार. त्यानंतर हसीना जन्मात उशिरा आली नाही.

मी स्वतः पहिल्या रविवारी फाटकात जाऊन उभी राहिले ती राहिलेच. आमच्या गावाकडं ओढ्यावर जायचं तरी आजी, काकी आणि थोरला चुलता अशी तिघांची परवानगी लागायची. इथं फाटक सताड उघडं, अडवायला कुणी नाही, आणि मला जायला जागाच सुचेना. शेवटी चिंचेच्या झाडापर्यंत गेले, चार चिंचा खाल्ल्या आणि परत आले. मला वाटलं, जग जिंकून आले.

अक्का मात्र कुठल्याच रविवारी बाहेर पडत नसत; सांगलीला जायच्या त्या सुट्टीतच. विचारलं तर म्हणत, "तुम्ही सगळ्या उंडारायला, मग घरी कोण?"

त्या आठवड्यात मी कुणाला काही बोलले नाही. सांगितलं असतं तर पोरींनी रडून नदीला पूर आणला असता, आणि अक्कांना जायचं असेल तर आपण कोण अडवणार? पण माझं लक्ष सारखं त्यांच्या खोलीकडं. शनिवारी केर काढायला गेले, तर खाटेखालची काळी ट्रंक बाहेर ओढलेली. वरची धूळ पुसलेली. माझा केर तिथंच राहिला.

रविवारी सकाळी अक्का बाहेर आल्या त्या इरकली लुगडं नेसून. हातात कापडी पिशवी, तिच्यातून नातीसाठी शिवलेल्या दुपट्याचं टोक डोकावत होतं. ट्रंक नव्हती. मला हायसं वाटलं. पण पुढच्याच क्षणी वाटलं, ट्रंक काय, मागाहून माणूस पाठवूनही नेता येते. तेवढ्यात त्यांनी कमरेची कोठीची किल्ली सोडली आणि माझ्या हातावर ठेवली.

ती किल्ली मी कधी त्यांच्या कमरेपासून वेगळी पाहिली नव्हती. "अक्का, ही कशाला?"

"कोठी उघडायला. आणखी कशाला असते किल्ली?"

पिशवी घेऊन मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. रस्ताभर त्यांच्या सूचना. संध्याकाळी खपली गव्हाची खीर करायची आहे, गूळ हात राखून घाल. उद्याची डाळ आजच भिजत घाल. म्हाळूला खोकल्याचं औषध जेवल्यावर दे, आधी नको, तिला मळमळतं. म्हाळू म्हणजे म्हाळसा, धनगरवाड्यावरून आलेली पाचवीतली पोर. तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन लांब गेलेली असत. अक्कांच्या पदराला धरून ती दिवसभर हिंडायची.

मी सगळ्याला 'हो' म्हणत होते आणि एकाच वाक्याची वाट बघत होते. अक्का पहिल्यांदाच रविवारी बाहेर चालल्या होत्या. म्हणजे त्यांना आता कुणाला तरी सांगावंच लागणार. आणि स्टँडवर तर मीच होते.

गाडी आली. अक्का चढल्या. खिडकीशी बसून माझ्याकडं बघून त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "जा आता. ऊन होतंय."

गाडी गेली. धूळ खाली बसली. मी हातात किल्ली धरून तशीच उभी. अक्कांनी मला ताट झाकायला सांगितलं नव्हतं.

दिवस कसा गेला ते विचारू नका. गूळ हात राखून घातला, डाळ भिजत घातली, आणि दिवेलागणीला सांगलीची गाडी आली तेव्हा धावत फाटकात गेले. गाडीतून दोन पैलवान आणि एक कोंबड्यांची पाटी उतरली. आता राहिली होती ती फक्त मुक्कामी गाडी.

जेवणाची घंटा झाली. पोरी ओळीनं बसल्या. खांबाजवळची अक्कांची जागा रिकामी. हसीनानं सहज विचारलं, "सुगंधा, अक्कांचं ताट तूच झाकणार ना? तुला सांगितलं असेल."

"नाही सांगितलं."

"मग कुणाला?"

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. दहावीच्या मुलींनी माना हलवल्या. स्वयंपाकाच्या पारूमावशी हातातली पळी घेऊन बाहेर आल्या. "मला न्हाई बाई सांगिटलं. अन् माझं कसलं ताट झाकनं, मी हितं रांधून रांधूनच अर्धी झाल्ये."

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे अक्का येणार नाहीत?" आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं: सुट्टीला घरी जाणारी मुलगी ताट झाकायला सांगत नसे. ज्याला परत यायचं, त्यानं सांगायचं.

तेवढ्यात म्हाळू उठली. तिनं आपलं ताट उचललं, पारूमावशींपुढं धरून वाढून घेतलं, खांबाजवळ नेऊन ठेवलं, त्याच्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि शेजारी मांडी घालून बसली.

"अगं, तुला कुणी सांगितलंय का?" हसीना म्हणाली. "न सांगितलेलं ताट झाकायचं नसतं."

"मी बसनार," म्हाळू म्हणाली. आणि खोकली.

हसीनानं तिच्याकडं एकदा बघितलं, आपलं भरलेलं ताट पुढं सारलं आणि जाऊन तिच्या शेजारी बसली. मग दहावीच्या दोघी. मग बघता बघता सगळी पंगत उठून त्या एका ताटाभोवती गोळा झाली. इकडं ताटांमधल्या खिरीवर साय धरायला लागली. पारूमावशींनी कपाळावर पळी मारून घ्यायची तेवढी बाकी ठेवली. "आता गं बया! येका ताटाला समद्या उपाशी? जेवताय का न्हाई? सुगंधा, तू मंत्री न्हवं? बोल की कायतरी!"

मला काय वाटत होतं ते सांगते. मला त्या सगळ्यांच्या आधी त्या खांबाजवळ जाऊन बसायचं होतं. ती जागा माझी होती असं मला वाटत होतं. सबंध आठवडा मी एकटीनं ते ओझं वाहिलं होतं, स्टँडवर मीच उभी होते. उपाशी बसायचा हक्क कुणाचा असेल, तर तो माझा होता.

पण कमरेला किल्ली होती. पाचवी-सहावीच्या पोरी सकाळच्या जेवणावर होत्या, दोघीतिघींचे चेहरे भुकेनं एवढेएवढे झाले होते. आणि म्हाळूचं औषध जेवल्यावरच द्यायचं होतं.

"लहान मुलींनी जेवून घ्यायचं," मी म्हणाले. "मोठ्यांनी बसायचं तर बसा."

एकही हलली नाही. म्हाळू म्हणाली, "मग मी ल्हान न्हाई."

"मी पण नाही," सहावीतली एक म्हणाली. उपाशी राहण्यात मोठेपणा आहे असं पोरांना एकदा वाटलं की संपलं, मग तुम्ही कानीकपाळी ओरडत बसा.

मी जागेवर बसले. ताट पुढं ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

हसीना माझ्याकडं बघत राहिली. "सुगंधा, तुला उतरतं तरी कसं गं?"

उतरत नव्हतंच. पण मी दुसरा मोडला आणि म्हणाले, "खीर चांगली झालीये. माझ्याबरोबर कोण जेवणार? मी एकटी जेवणार नाही हां, मला एकटीला जेवायला भीती वाटते."

ही असली बंडल कुणाला पटणार? पण पाचवीतली एक आली. मग दुसरी. मग चार जणी एकदम. शेवटी म्हाळूही आली, पण जेवताना नजर त्या झाकलेल्या ताटावरून काढली नाही, आणि औषध घेऊन पुन्हा तिथंच जाऊन बसली. मोठ्या मुलींतली एकही माझ्याशी बोलली नाही. त्या सगळ्या अक्कांच्या होत्या आणि मी एकटी जेवलेली होते. खरं सांगते, त्या वेळी ते फार लागलं.

थोड्या वेळानं वळणावर मुक्कामी गाडीचा हॉर्न झाला. कुणी उठलं नाही. सगळ्या दाराकडं कान लावून बसल्या. फाटक कुरकुरलं. चपला वाजल्या. आणि दारात अक्का उभ्या राहिल्या. इरकली लुगडं चुरगळलेलं, खांद्यावर दुधाचा डाग.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "पंगत अशी का बसलीय?"

अक्कांनी खांबाजवळचं ताट पाहिलं. "हे कुणी झाकलं?"

"मी," म्हाळू म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुनीच न्हाई."

"मग?"

"तुमी येनार म्हून."

अक्का दारातच खाली बसल्या. अगदी उंबऱ्यावर. पदर तोंडाला लावला आणि आम्ही कधी न पाहिलेलं त्यांचं रडू आमच्यासमोर आलं. म्हाळू धावली, मग हसीना, मग कोण कुणाच्या अंगावर पडतंय याला हिशेब राहिला नाही. मी मागेच उभी होते. मी जेवलेली.

डोळे पुसून अक्कांनी सगळ्यांकडं बघितलं. "वेड्या का तुम्ही? सगळ्या उपाशी?"

"सुगंधानं जेवून घेतलं, अक्का," हसीना म्हणाली. चहाडी म्हणून नव्हे, तिला ते खरंच लागलं होतं.

"एकटीनं?"

"नाही. पाचवी-सहावीला घेऊन."

"आणि म्हाळूचं औषध?"

"जेवल्यावर दिलं," मी खाली बघत म्हणाले. कमरेची किल्ली सोडून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही. माझी मूठ मिटवली, वर आपला हात ठेवला.

"किल्ली द्यायची कुणाला, एवढं मला कळतं," त्या म्हणाल्या. "राहू दे तुझ्याकडं. पुढच्या रविवारी लागेल."

मग त्यांनी ते गार झालेलं ताट उघडलं आणि सगळ्यांना आपल्याभोवती बसवून जेवल्या. कडक झालेल्या भाकरीचे तुकडे करकर वाजत होते. हसीनानं जाता जाता आपल्या वाटीतली खीर माझ्या वाटीत ओतली. आमच्याकडं माफी अशीच मागत.

नंतर नळावर ताटं घासताना मी अक्कांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत ताट झाकायला?"

अक्कांनी राखेचा हात तसाच ठेवला. "तोंडावर आलं होतं गं. मग गिळलं. तुला सांगितलं असतं, तर तू उपाशी बसलीस म्हणून मी आले असते. इतकी वर्षं मी अशीच राहिले, कुणी ना कुणी खोळंबलंय म्हणून. विश्वासकडं राहिले असते, तरी तसंच, तो इतका म्हणतोय म्हणून. म्हटलं, एक दिवस कुणीच खोळंबलेलं नसू दे. फाटक उघडं असू दे. मग बघू आपले पाय कुठं जातात."

"मग?"

"मग काय? नात मांडीवर झोपली. पहिली गाडी चुकली, चुकू दिली. सून म्हणाली राहा, विश्वास म्हणाला राहा. आणि मला आपलं एकच, त्या पोरीनं डाळ भिजत घातली असेल का?" त्या हसल्या. "पायांनी सांगून टाकलं बघ."

"विश्वासदादा रागावले असतील."

"रागावला. ताडताड बोलला. मग स्टँडवर सोडायला आला." अक्कांनी ताट खळबळलं, पुन्हा खळबळलं. "लहानपणी दिवाळीत मी त्याला तुमच्या गोष्टी सांगायची, त्या रीतीचीही सांगितली होती. मला वाटलं विसरला असेल. गाडी हलायला लागली तसा खिडकीशी येऊन म्हणाला, 'आई, पुढच्या रविवारी दुपारचं तुझं ताट मी झाकून ठेवतो. तू आल्याशिवाय जेवायचा नाही.'"

नळ वाहत होता, तो अक्कांनीच बंद केला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. किल्ली माझ्या कमरेला होती. सूचना त्याच, त्यात म्हाळूचा खोकला बरा होता म्हणून एक कमी. गाडी आली. अक्का चढल्या, खिडकीशी बसल्या. गाडी सुरू झाली, पुढं सरकली, आणि मी हात हलवणार तेवढ्यात त्यांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं.

"सुगंधे!" त्या एवढ्यानं ओरडल्या की स्टँडवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. "माझं ताट झाक गं!"

"हो!" मी ओरडले.

त्या संध्याकाळी मी म्हाळूला आधी जेवू घातलं, खांबाजवळ ताट झाकून बसले आणि मला कडकडून भूक लागली.